अशुद्ध शब्दांची यादी

कुलाबा,
रविवार, दि. ४ ऑक्टोबर १९५९

आदरणीय बाईंना बकुळेचा नमस्कार.

आपण दिलेला वर्तणुकीचा दाखला कामी आला. हॉटेलच्या व्यवस्थापकांनी तो दोनदा वाचला, सहीखाली 'निवृत्त मुख्याध्यापिका' हे शब्द पाहिले आणि म्हणाले की अशाच वळणाच्या मुली आम्हाला हव्या आहेत. लालबागेत समितीच्या सभेपूर्वी मी गात असे, तेथे त्यांच्या माणसाने मला ऐकले होते. आता वाद्यवृंदासमोर उभी राहून मी तीन हिंदी आणि दोन इंग्रजी गाणी म्हणते. फलकावर माझे नाव 'मिस बेला' असे लावले आहे. बकुळा हे नाव पाहुण्यांना उच्चारता येत नाही म्हणे. आपण हसाल किंवा रागवाल, बहुधा रागवाल.

आम्हा गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलींसाठी हॉटेलने स्वतंत्र घर घेतले आहे. कॉजवेमागच्या गल्लीत, इराण्याच्या बेकरीवर, दुसरा मजला. बेकरीचे दार हिरवे आहे आणि माझ्या खिडकीतून दीपगृहाचा वरचा पट्टा दिसतो. लाकडी जिन्याची चौथी पायरी गेलेली आहे. सगळ्या जणी तेथे पाऊल लांब टाकतात. देखरेखीला सुंदराबाई आहेत, त्यांना आम्ही मावशी म्हणतो. पत्रे मात्र हॉटेलच्या पत्त्यावर पाठवावीत, असा येथला नियम आहे.

आईला दोन ओळी वेगळ्या पाठवल्या आहेत. ती गिरणीच्या वाइंडिंग खात्यातून सुटून आली की शेजारची लतिका तिला वाचून दाखवील. खरे पत्र मात्र मी आपल्यालाच लिहिणार. सातवीपासून सुटीत आपल्याला लिहिलेले माझे प्रत्येक पत्र तांबड्या शाईने तपासून परत येई आणि खाली चुकलेल्या शब्दांची यादी असे. ती यादी वर्गात आधी मोठ्याने वाचायची आणि मग एकेक शब्द दहा वेळा लिहायचा. मॅट्रिकच्या वर्षी यादी येणे थांबले, तेव्हा अभिमान वाटला होता आणि थोडे चुकल्यासारखेही.

आपली विद्यार्थिनी,
बकुळा


गिरगाव,
दि. ११ ऑक्टोबर १९५९

चि. बकुळेस आशीर्वाद.

तुझे पत्र हातात पेन घेऊन वाचले आणि पेन तसेच खाली ठेवले. एकही चूक नाही. छत्तीस वर्षांत माझ्या हाताखालून ज्या मुली गेल्या, त्यांत निर्दोष मराठी लिहिणाऱ्या सहा; त्यांतली गिरणीच्या चाळीतून आलेली तू एकटी. हे मी दाखल्यात लिहिले नाही, कारण हॉटेलवाल्याला त्याचे मोल कळले नसते.

तू शिक्षिका व्हावीस म्हणून ट्रेनिंग कॉलेजचा अर्ज मी स्वतः आणला होता. तो तू भरला नाहीस. तुला दिवे हवे होते, टाळ्या हव्या होत्या. असो. तुझी आई बारा वर्षे एकटीने घर चालवते आहे आणि ट्रेनिंगची दोन वर्षे थांबण्यासारखी नव्हती, असे तू म्हणालीस; मी ते मान्य केले नाही, पण वादही वाढवला नाही. एवढे मात्र ध्यानात ठेव की मी दाखला तुझ्या वर्तनाचा दिला आहे, त्या जागेचा नाही.

'मिस बेला' हे नाव मी या एका पत्रात लिहिले, पुन्हा लिहिणार नाही. घराला नियम आहेत आणि देखरेखीला प्रौढ स्त्री आहे, हे वाचून बरे वाटले. पत्रे अशीच निर्दोष येऊ देत.

अहिल्या टिपणीस


कुलाबा,
दि. २० डिसेंबर १९५९

आदरणीय बाईंना नमस्कार.

दिवाळीत रजा मिळाली नाही. नाताळापर्यंत हॉटेलात रोज कार्यक्रम आहेत. माझ्यासाठी पाचूच्या रंगाचा झगा शिवला आहे. त्यावर इतक्या टिकल्या आहेत की दिव्यात उभे राहिले की समोरचे कोणी दिसत नाही. लोक फार टाळ्या वाजवतात.

माझ्या ट्रंकेला नवे कुलुप आणले आहे. खिडकी उघडली की बाहेरुन खारा वारा येतो. वस्तू हरवण्याचा माझा जुना दोष आपल्याला ठाऊक आहे. ट्रंकेची किल्लि मी तीन वेळा हरवली. म्हणून माझ्या बांगड्या आणि आपण बक्षीस दिलेला शब्दकोश आता मावशिंकडे असतो.

मावशी आमची पत्रे स्वतः वाचून मगच टपालात टाकतात, आणि येणारीही आधी त्याच उघडतात. त्यांना मराठी वाचता येते. भाषेची बारीक पारख मात्र आपल्यासारखी कोणाला असणार? ती या घरात कोणालाच नाही. म्हणून आपल्याला पत्र लिहिताना मला फार धीर येतो.

नेहमीप्रमाणे तपासून परत पाठवावे. कृपा करून पाठवावेच.

बकुळा


गिरगाव,
दि. २७ डिसेंबर १९५९

चि. बकुळेस,

पत्र तपासून सोबत परत पाठवत आहे. मला धक्का बसला. चार ओळींत चार चुका, आणि चारही ऱ्हस्व-दीर्घाच्या. अकारान्त शब्दातला उपान्त्य उकार दीर्घ आणि शब्दाच्या अखेरचा इकार दीर्घ, हे नियम तुला पाचवीत पाठ होते. अडीच महिन्यांत ते झग्याच्या टिकल्यांत हरवले काय?

तुझ्या मावशी पत्रे वाचतात, हे मला गैर वाटत नाही. तरुण मुलींच्या वसतिगृहात एवढी शिस्त असावीच. फक्त त्यांना शुद्धलेखनही येत असते तर हे पत्र टपालात पडले नसते.

यादी:

कुलूप. बाहेरून. किल्ली. मावशींकडे.

प्रत्येक शब्द दहा वेळा.

अहिल्या टिपणीस


कुलाबा,
दि. १४ फेब्रुवारी १९६०

आदरणीय बाईंना नमस्कार.

आपली यादी मिळाली. मावशींनीही ती पाहिली आणि हसल्या. म्हणाल्या, "एवढी शिकलीस तरी तुझी मास्तरीण तुला पट्टी मारतेच." मी प्रत्येक शब्द दहा वेळा लिहिला. त्यापूर्वी वर्गातल्यासारखी यादी मोठ्याने वाचली. बाई, एक विनंती आहे, रागावू नये. आपणही ती यादी एकदा मोठ्याने, सलग वाचून पाहावी. वाचताना शब्द वेगळे वाटतात.

बाकी येथले काय लिहू? हॉटेलात येणाऱ्या पाहूण्यांकडे मोठमोठ्या मोटारी असतात. माझा आवाज मध्यंतरी बसला होता, म्हणून मावशी मला जबरदस्तिने हळद घातलेले दूध पाजतात. आमचे झगे दर सोमवारी धोब्याकडे पाठवीतात. माझ्या खोलीत आता चंपा नावाची नायगावची मुलगी आली आहे. ती एकोणीस वर्षांची आहे आणि फार कमी बोलते.

समितीच्या गाण्यांपैकी एकही गाणे येथे म्हणता येत नाही. पण शब्द विसरलेले नाही.

बकुळा


गिरगाव,
दि. २४ फेब्रुवारी १९६०

बकुळेस,

मी माझीच यादी मोठ्याने वाचावी, हे मला शिकवणारी तू कोण? तुझ्या या वाक्याचा मला राग आला नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल. ज्या मुलीला 'पाहुणा' या शब्दातला उकार ऱ्हस्व ठेवता येत नाही, तिने वाचनाचे धडे देऊ नयेत.

पूर्वी तू जे लिहीत असायचीस त्यात विचार असे. आता मोटारी, दूध आणि धोबी. परवा एका माजी विद्यार्थिनीला तुझे जुने पत्र नमुना म्हणून दाखवणार होते. नवे पत्र आठवले आणि कपाट बंद केले. राज्यस्थापनेच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडून नव्या राज्याच्या लेखनशिस्तीवर लेख मागितला आहे. मराठीसाठी माणसांनी गोळ्या झेलल्या, आणि माझी सर्वांत चांगली विद्यार्थिनी ती भाषा अशी लिहिते, हे त्या लेखात कोठे बसवू?

यादी:

पाहुण्यांकडे. जबरदस्तीने. पाठवितात.

पुढचे पत्र निर्दोष असेल तरच पाठव.

अहिल्या टिपणीस


कुलाबा,
दि. २० एप्रिल १९६०

आदरणीय बाईंना,

निर्दोष पत्र लिहिता येत नाही म्हणून दोन महिने लिहिले नाही. आजही येत नाही. क्षमा असावी.

दर शूक्रवारी नवा कार्यक्रम बसतो. ओहोटीला समुद्र दुर जातो आणि खडक उघडे पडतात. हॉटेलवाले आम्हाला एकदा सहलीला नेतिल, असे मावशी म्हणतात. दिवे लागण्याच्या आधि दुपार फार मोठी वाटते, ती मी शब्दकोडी सोडवुन घालवते. हे पत्र आईला दाखवायला न्या.

आपली
बकुळा


गिरगाव,
बुधवार, दि. २७ एप्रिल १९६०

श्रीमती कौसल्याबाई यांस सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलीचे वीस तारखेचे पत्र मला शुक्रवारी मिळाले. स्मरणिकेचा लेख छापखान्यात जायचा होता, म्हणून ते पाच दिवस टेबलावर राहिले. आज ते आपल्याकडे पाठवत आहे. "आईला दाखवायला न्या," असा तिने मला हुकूम केला आहे. 'न्यावे' असे लिहिण्याची रीतही ती विसरली. मला लालबागेत यायला सवड नाही, म्हणून टपालाने पाठवते.

आपल्याला वाचता येत नाही, हे मी जाणते. लतिकेने आपल्याला समजावून सांगावे की बकुळेची भाषा बिघडली आहे, आणि भाषा बिघडते ती मन ठिकाणावर नसल्यावर. तिला त्या नोकरीतून काढावे असे माझे स्पष्ट मत झाले आहे. तेथील ऐषारामाने तिची बुद्धी सुस्त झाली आहे. पुरावा म्हणून तिने तीन पत्रांत चुकवलेल्या शब्दांच्या याद्या क्रमाने देते. शेवटची यादी तिला पाठवलेली नाही. तिला आता यादीचाही उपयोग नाही.

पहिली: कुलूप. बाहेरून. किल्ली. मावशींकडे.

दुसरी: पाहुण्यांकडे. जबरदस्तीने. पाठवितात.

तिसरी: शुक्रवारी. दूर. नेतील. आधी. सोडवून.

सातवीतली मुलगीही या चुका करणार नाही.

अहिल्या टिपणीस


लालबाग,
शुक्रवार, ता. २९ एप्रिल, सकाळ

टिपणीसबाईंना,

लिहिणारी मी लतिका, शब्द कौसल्याकाकींचे. काकी म्हणाल्यात, मी बोलते तसंच लिही, सुधारू नको.

बाई, तुमचा कागद काल आला. लतिकाची दुसरी पाळी होती, म्हणून तिनं तो आज सकाळी वाचला. तुम्ही लिवलंय की माझी पोर लिवायची विसरली. मला त्यातलं काय कळत नाय. मी म्हटलं, ते चुकलेले शब्द तरी वाच, बघू काय चुकली ती. लतिकानं वाचले. मी म्हटलं, परत वाच, मधे थांबू नको.

कुलूप बाहेरून, किल्ली मावशींकडे.

पाहुण्यांकडे जबरदस्तीने पाठवितात.

शुक्रवारी दूर नेतील, आधी सोडवून

एवढंच हाय. पुढचा शब्द नाय. लतिकाचा हात थांबलाय, मी तिला लिही म्हणते.

बाई, माझी पोर बोलत होती. चार महिने बोलत होती. तिचं बोलणं तुम्ही तिलाच परत धाडलंत, तांबड्या शाईत. तुम्ही अक्षरं बघितलीत, मी शब्द आयकले.

आज शुक्रवार हाय. मी पाळी बुडवली. खात्यातल्या पाच बाया घेऊन ट्रामनं निघते. घर कुठं हाय ते पोरीनं मला कधी लिवलं नाय, तुम्हाला लिवलं असंल. तो कागद काढा आणि लतिकाबरोबर या. आम्ही कॉजवेच्या तोंडाशी उभ्या असू. तुमच्यासाठी थांबू, पण लई वेळ नाय.

कौसल्येचा अंगठा


गिरगाव,
सोमवार, दि. ९ मे १९६०

श्रीमती कौसल्याबाई यांस नमस्कार.

जे आपण स्वतः पाहिले ते मी आपल्याला पुन्हा लिहीत आहे. पोलीस कचेरीत माझी जबानी घेणाऱ्याने त्यातले निम्मेही लिहून घेतले नाही. ते कोठेतरी लिहिलेले असावे. आणि चंपाने मला गेल्या दहा दिवसांत जे सांगितले ते मी आपल्यासमोर बसून बोलू शकत नाही. कागदावर लिहू शकते.

बकुळेचे ऑक्टोबरातले पत्र माझ्या कपाटात होते. निर्दोष म्हणून जपून ठेवले होते. त्याच्या आधारे हिरवे दार सापडले. जिना चढताना आपण माझ्याशी एकच वाक्य बोललात, "बाई, पायरी सांभाळा," आणि मी पाऊल लांब टाकले. तेवढे आपल्या मुलीने मला आधी सांगून ठेवले होते. वर सुंदराबाई कपाळाला मोठे कुंकू लावून उभ्या होत्या आणि मुली थकून झोपल्या आहेत, असे शांतपणे सांगत होत्या. त्यांच्यामागच्या दाराला कुलूप होते. बाहेरून होते. पितळी, माझ्या मुठीएवढे. हा शब्द मी चार महिन्यांपूर्वी तांबड्या शाईने सुधारला होता, आणि त्या क्षणापर्यंत तो मी वाचलेला नव्हता.

आपल्या खात्यातल्या शेवंतीने बेकरीतला लोखंडी दांडा आणून ते तोडले. आत चार खाटा, तीन मुली. खिडकीला आतून फळ्या ठोकलेल्या. त्या ठोकल्यापासून खारा वारा तेथे आला नसावा. भिंतीवर ते टिकल्यांचे झगे ओळीने टांगलेले, आणि चौथ्या खाटेच्या उशाशी वहीचा एक कागद चिकटवलेला. 'कुलूप' दहा वेळा. 'बाहेरून' दहा वेळा. बकुळेचे अक्षर, एकही चूक नाही. सुंदराबाईंनी तो तेथे राहू दिला होता, कारण ती शाळेतली शिक्षा आहे असे त्यांना वाटले. मलाही तसेच वाटले होते. त्या बाईत आणि माझ्यात या बाबतीत फरक नव्हता.

बकुळेला पहाटेच मोटारीने नेले होते.

चंपा म्हणते, नुसते गाणे पहिले तीन आठवडेच असते. नंतरही फलकावर नाव राहते, दिवे राहतात, पण गाणे संपले की कोणत्या पाहुण्याच्या मोटारीत बसायचे ते व्यवस्थापक सांगतो. नाही म्हणणाऱ्या मुलीला दोन दिवस अन्न मिळत नाही आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दिव्यांसमोर उभे करतात. झगे लांब बाह्यांचे का शिवतात, हे मी तिला विचारले. तिने बाही वर केली आणि मी ती हळूच खाली ओढली. दारूबंदीच्या शहरात तेथे रोज पेले भरले जातात, म्हणून तक्रार करणाऱ्या मुलीलाच आधी पोलीस धरतील, अशी भीती घालतात. प्रत्येकीची सही एका इंग्रजी कागदावर घेतलेली आहे. तो कोणीही वाचून दाखवलेला नाही. बकुळेने नोव्हेंबरात तो वाचण्याचा प्रयत्न केला, तेव्हापासून तिच्या खोलीला कुलूप लागले.

आता जे लिहिते ते मला सर्वांत कठीण आहे. मी दिलेला दाखला व्यवस्थापकाच्या खोलीत काचेच्या चौकटीत लावलेला आहे. मुलीला नोकरीला पाठवायला बिचकणाऱ्या आयांना तो दाखवतात. चंपाच्या आईने तो वाचला. ती माझी विद्यार्थिनी, चौतीस सालच्या तुकडीतली. माझी सही ओळखली आणि म्हणाली, "टिपणीसबाईंनी मुलगी पाठवली, तर जागा चांगलीच असणार." अशा किती आयांनी तो वाचला, ते चंपाला ठाऊक नाही.

पोलीस अधिकाऱ्याने मला खुर्ची दिली. मुलगी सज्ञान आहे, करारावर तिची सही आहे, ती बाहेरगावी कार्यक्रमाला गेली आहे, असे तो म्हणाला. मग हॉटेलने आणून दिलेला तोच दाखला त्याने टेबलावर ठेवला. "बाई, तुम्हीच लिहिलंय की मुलगी विचारी आहे, स्वतःचं हित जाणते. आता तिला काय कळत नव्हतं म्हणता?" मी त्या खुर्चीवरून उठले.

एक तारखेला साऱ्या गिरगावात दिवे लागले. मी खिडकी लावून घेतली. लेख स्मरणिकेकडून परत मागवला आहे. छापखाना म्हणतो, जुळवणी झाली आहे. मी म्हटले, मोडा.

तिच्या तिसऱ्या यादीत शेवटचा शब्द का नाही, हे मी शोधले. 'न्या' या शब्दात ऱ्हस्व-दीर्घ नाही. तो तिला चुकवता आला नाही, म्हणून तिने तो पुढच्याच वाक्यात उघड लिहिला होता. मी त्यातले सौजन्य तपासत बसले.

अहिल्या टिपणीस


कलकत्ता,
दि. २२ मे १९६०

आदरणीय बाईंना नमस्कार.

मी येथे स्वखुशीने आले आहे. येथील हॉटेल मोठे आहे आणि कार्यक्रम चांगले होतात. माझ्याविषयी मुंबईत गैरसमज झाल्याचे कळले; त्याचे मला वाईट वाटते. कोणीही माझा शोध करू नये. माझी प्रकृती उत्तम आहे. आईला नमस्कार सांगावा. उत्तर पाठवायचे झाल्यास पाकिटावरच्या पत्त्यावर पाठवावे.

बकुळा


गिरगाव,
सोमवार, दि. ३० मे १९६०

श्रीमती कौसल्याबाई यांस नमस्कार.

सोबतचे पत्र बुधवारच्या टपालाने आले. लतिकेने ते मोठ्याने वाचावे, सावकाश. मी अकरा वेळा वाचले. आधी डोळ्यांनी, मग मोठ्याने, मग शब्द उलटे धरून. भिंग घेऊन प्रत्येक वेलांटी पाहिली. एकही चूक नाही. ऑक्टोबरात याच गोष्टीसाठी मी तिला शाबासकी दिली होती.

एक तर लिहिताना तिच्या शेजारी कोणी शिकलेला माणूस बसलेला होता, नाही तर तिने माझी आशा सोडली आहे. वीस एप्रिलच्या पत्राला मी तिला यादी पाठवली नाही. तिचे बोलणे पोचले की नाही, हे तिला कळण्याचा तेवढाच मार्ग होता, आणि तो मी रागाने बंद केला. तिची अशी समजूत असणार की बाईंनी पत्र टोपलीत टाकले.

पोलिसांना हे पत्र मी दाखवले. त्यांनी ते आनंदाने प्रकरणाच्या कागदांत लावून घेतले. मूळ मात्र मी हट्टाने परत आणले, नक्कल त्यांना दिली. आता त्यांच्याकडून काही होणार नाही. पण शोध थांबावा असे हॉटेलवाल्यांना हवे होते म्हणून का होईना, पत्त्यासकट पत्र आले आहे. कलकत्त्याला स्त्रियांचा एक आश्रम चालवणाऱ्या बाई कॉलेजात माझ्याबरोबर होत्या. मी त्यांना सर्व लिहिले, त्यांचे तारेने उत्तर आले: या, माणसे तयार ठेवते. चंपाही एका वकिलांसमोर जबानी द्यायला तयार झाली आहे. काल ती प्रथमच स्वतःहून बोलली. म्हणाली, "बाई, माझी बाही वर करूनच लिहून घ्या."

मी, आपण आणि लतिका, अशी तीन तिकिटे काढली आहेत. रविवारी, बारा तारखेला, सकाळी आपण तेथे पोचतो. आपल्याला खात्यातून रजा मिळणार नाही, हे लतिकेने सांगितले. तरी आपण याल, हेही सांगितले.

बकुळेला ते आधी कळले पाहिजे. त्या दिवशी तिने आजारपण काढावे, काही करावे, पण घर सोडू नये. माझे पत्र तिच्याआधी दुसरे कोणी वाचणार. म्हणून ते मी तिच्याच पद्धतीने लिहिणार आहे. मला ते साधेल की नाही, सांगता येत नाही. कच्चा मसुदा लिहिताना माझ्या हाताने तीन वेळा आपोआप वेलांट्या बरोबर काढल्या.

अहिल्या टिपणीस


गिरगाव,
शनिवार, दि. ४ जून १९६०

चि. बकुळेस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. यापूर्वीचीही सर्व पोचली होती. वीस एप्रिलच्या पत्राला उत्तर राहून गेले, तो दोष माझा.

आम्हि सर्व खुशाल आहोत. तुझ्या वर्गातल्या तीघी परवा भेटून गेल्या, त्यांनी तुझी फार आठवण काढली. रवीवारी, बारा तारखेला, शाळेत माजी विद्यार्थिनींचा मेळावा आहे. अशा दिवशी ज्याने त्याने आपल्या घरातच राहावे असे मला वाटते, पण कोणी ऐकत नाही. तीथे उकाडा फार असेल. पाणी उकळून पीत जा.

माझे आता वय झाले. हाताचा भरवसा राहिला नाही, आणि या पत्रात काही चुका राहून गेल्या असतील. पूर्वी मी तुझ्या शोधत असे, आता तू माझ्या शोध. सापडतील तेवढ्यांची यादी कर. ती मोठ्याने वाचायचा नियम मी रद्द केला आहे. मनात वाचलीस तरी पुरे. दहा वेळा लिहू नकोस. एकदाच वाच, बकुळे, पण सलग वाच.

तुझी
अहिल्या टिपणीस